जंतूच्या पोटांतील विष आणि उतारा



एका निवृत्त शाळामास्तरानें जंतुशास्त्रावर बोलावयास बसावें, हें कित्येकांना धारिष्ट्याचें वाटेल. मलाहि तें वाटतेंच. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें; अचलपुरांतील मुलांना पाढे, व्याकरण आणि इतिहास शिकविण्यांत माझी सारी उमेद गेली. परंतु इतिहास राजेरजवाड्यांचा आणि लढायांचाच असतो असें थोडेंच आहे? एखाद्या प्रश्नालाहि इतिहास असतो. तो प्रथम कोणाला पडला, त्याचें उत्तर कोणीं दिलें, तें उत्तर पुढें कोणीं खोटें पाडलें, हें सारें सनावळीनिशीं सांगतां येतें. असा एक प्रश्न सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं माझ्या घरांत आला, आणि मीं त्याला चुकीचें उत्तर दिलें.

माझा धाकटा भाऊ धान्याच्या एका अडत्याकडे हिशेब लिहीत असे. त्याला क्षय झाला. औषध सुरू झालें. तीन आठवड्यांत ताप उतरला, दोन महिन्यांत खोकला गेला, गालांवर थोडें मांस चढलें. औषध पुष्कळ महिने घ्यावें लागेल, असें डॉक्टरांनीं आरंभींच बजावलें होतें. तिसऱ्या महिन्यांत एके सकाळीं तो मला म्हणाला, "दादा, आतां मी बरा आहें. मग या गोळ्या कोणाला मारण्यासाठीं गिळायच्या?" मी शाळेला निघण्याच्या घाईंत होतों. मी म्हणालों, "बरा दिसतोस खरा." माझें तें वाक्य त्यानें परवानगी म्हणून घेतलें. दीड वर्षानें रोग परत आला, आणि त्यापुढच्या पावसाळ्यांत तो गेला.

गोळ्या कोणाला मारण्यासाठीं गिळायच्या, हा त्याचा प्रश्न वेडगळ नव्हता. तोच प्रश्न जगांतल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत विचारला जात होता आणि अद्यापहि विचारला जात आहे, हें मला निवृत्तीनंतर कळलें. माझा एक जुना विद्यार्थी अमरावतीस महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवितो. त्यानें मला पुस्तकें आणून दिलीं, आकृत्या काढून दाखविल्या, आणि जेथें मी चुकलों तेथें एके काळीं माझ्याकडून शिकलेल्या कठोरपणानेंच माझे कान उपटले. त्याच्या धाकाखालीं जें समजलें तें आज आपणांपुढें ठेवतों.

रॉबर्ट कॉक यांनीं बर्लिन येथें क्षयाचा जंतु २४ मार्च १८८२ रोजीं विद्वानांपुढें मांडला. हा जंतु मोठा संथ आहे. आंतड्यांत राहणारा साधा कोलाय जंतु अनुकूल परिस्थितींत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयजंतूला त्याच कामास सुमारें वीस तास लागतात. शिवाय तो चिवट. परळ येथील ज्या प्रयोगशाळेला १९२५ सालीं हाफकिन यांचें नांव मिळालें, तेथें काम करणारे डॉ. सोपारकर यांनीं शरीराबाहेर क्षयजंतूची जीवनशक्ति किती टिकते, या विषयावर १९१७ सालीं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रीसर्चमध्यें निबंध प्रसिद्ध केला होता. आपल्या इकडच्या माणसानें हा प्रश्न इतक्या लौकर हातीं घेतला होता याचा मला अभिमान वाटतो. मात्र त्या काळीं त्या चिवटपणावर उपाय कोणाच्याच हातीं नव्हता.

उपाय आला तो १९४३ सालीं. अमेरिकेंत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंतील आल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्यास मातींतल्या एका जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें. इंग्लंडमधील वैद्यकीय संशोधन मंडळानें त्याची परीक्षा १०७ क्षयरोग्यांवर घेतली आणि तिचा निकाल १९४८ सालीं छापला. औषध दिलेल्या ५५ जणांपैकीं सहा महिन्यांत ४ मरण पावले. केवळ अंथरुणांत विश्रांति दिलेल्या ५२ पैकीं १४. केवढा हा विजय! परंतु पांच वर्षांनीं पुन्हा गणती केली तों पहिल्या गटांतले ३२ आणि दुसऱ्यांतले ३५ गेलेले आढळले. विजयाचा बराचसा भाग हातांतून निसटला होता. कारण, औषधाला न जुमानणारे जंतु रोग्यांच्या शरीरांत माजले होते. यावर तोड अशी निघालीं कीं, दोन-तीन औषधें एकाच वेळीं द्यावीं. एकाला जो जंतु दाद देत नाहीं, त्याला दुसरें मारील. हें झालें आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर. मुंबईंतल्या डॉक्टरांनीं २०११ च्या अखेरीस कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी प्रसिद्ध केले, तेव्हां देशभर जो गलबला झाला तो या अर्ध्या उत्तराविषयींचा होता.

उरलेलें अर्धें याहून गूढ आहे. त्याचा आरंभ क्षयापासून झाला नाहीं. १९४४ सालीं डब्लिन येथील जोसेफ बिगर हे गळवें उत्पन्न करणाऱ्या जंतूंवर पेनिसिलिनचा प्रयोग करीत होते. नळींतले जंतु मरत, पण सारे मरत नसत. दहा लाखांत एखादा वांचे. आतां हा वांचलेला जंतु औषधाला न जुमानणारा असला पाहिजे, असें कोणीहि म्हणेल. बिगर यांनीं त्याची संतति वाढविली आणि तिच्यावर पुन्हा पेनिसिलिन घातलें. ती पहिल्यासारखीच मेली, आणि पुन्हा दहा लाखांत एखादा उरला! म्हणजे हा वांचलेला कांहीं निराळ्या कुळांतला नव्हता, भावंडांसारखाच होता. केवळ त्या घटकेस तो वाढत नव्हता. पेनिसिलिन वाढत्या जंतूची भिंत मोडतें. जो बांधकामच करीत नाहीं त्याची भिंत तें काय मोडणार? बिगर यांनीं अशा जंतूंना जें इंग्रजी नांव दिलें त्याचा अर्थ 'टिकून राहणारे' असा होतो. मी त्यांना निजलेले म्हणतों.

बिगर यांचा निबंध पुढें कित्येक वर्षें जवळजवळ विसरला गेला. इतक्या नव्या औषधांचा पूर आला होता कीं दहा लाखांतल्या एकाची चिंता कोण करतो? क्षयाच्या बाबतींत ती चिंता वॉल्श मॅकडर्मट आणि त्यांचे सहकारी यांनीं न्यूयॉर्कमध्यें केली. त्यांनीं उंदरांना क्षय दिला आणि नंतर दोन उत्तम औषधें तीन महिने दिलीं. मग उंदरांचे अवयव वाटून पाहिले, तों एकहि जंतु वाढेना. उंदीर बरे झाले, असेंच कोणालाहि वाटलें असतें. परंतु औषध बंद करून आणखी तीन महिने जाऊं दिले, तेव्हां सुमारें तिसऱ्या हिश्श्याच्या उंदरांत क्षय पुन्हा उभा राहिला. हे जंतु औषधाला दाद देणारेच होते. हा वृत्तांत वाचला त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. त्या उंदरांतला एक माझ्या घरांत हिशेबाच्या वह्या लिहीत होता.

याच सुमारास आपल्या देशांत मद्रासला एक थोर काम झालें. तेथील क्षयरोग केंद्रानें १९५६ पासून रोग्यांचे दोन गट करून एकास आरोग्यधामांत व दुसऱ्यास घरींच औषध दिलें. वर्षभराचें औषध पुरें केल्यावर दोघांतहि फारसा फरक आढळला नाहीं. १९५९ सालीं हा निकाल छापला गेला आणि जगभर रोग्याची खाट डोंगरावरून घरांत आली. गरिबांवर याचे मोठे उपकार झाले. पण त्याबरोबर गोळ्यांचा पहाराहि घरच्या माणसांकडे आला, आणि घरचा माणूस माझ्यासारखा असला तर काय होतें तें मीं सांगितलेंच आहे. पुढें रिफॅम्पिसिन आल्यावर दीड वर्षाची मुदत उतरत उतरत सहा महिन्यांवर आली. आज नव्या रोग्यास सामान्यतः पहिले दोन महिने चार औषधें व पुढचे चार महिने तीन औषधें देतात. त्यांतला पहिला थोडा काळ जाग्या जंतूंसाठीं पुरतो. बाकीचे महिने निजलेल्यांसाठीं आहेत.

पण जंतु निजतो कसा? तो स्वतःच विष खाऊन निजत असेल, ही कल्पना कोणाच्याहि मनांत आली नव्हती. ती आली ती भलत्याच वाटेनें.

येथें शब्दांविषयीं एक खुलासा करतों, नाहींतर घोंटाळा होईल. जंतूचें विष आणि त्यावरील उतारा म्हटलें म्हणजे आपणांस घटसर्पाची लस आठवते. बेरिंग व कितासातो यांनीं १८९० सालीं दाखविलें कीं, धनुर्वाताचें किंवा घटसर्पाचें विष थोडथोडें टोंचलेल्या प्राण्याच्या रक्तांत त्या विषाचा उतारा तयार होतो. सर्पदंशावरील लसहि त्याच तत्त्वानें घोड्यांच्या रक्तापासून बनते. हाफकिनचे घोडे त्यासाठींच पिंपरीस आहेत. तेथें विष जंतूचें आणि उतारा घोड्याचा. मी सांगणार आहें तो प्रकार निराळा: येथें विषहि जंतूचें, उताराहि त्याच जंतूचा, आणि दोन्ही त्याच्याच पोटांत एकमेकांस मिठी मारून बसलेले.

१९८३ सालीं जपानांत क्योटो येथें ओगुरा व हिरागा हे दोघे कोलाय जंतूंतील एका प्लास्मिडचा अभ्यास करीत होते. प्लास्मिड म्हणजे जंतूच्या मुख्य जनुकसंचाखेरीज त्याच्या अंगांत असणारें डी.एन.ए.चें एक लहानसें कडें. हा आगंतुक पाहुणा होय. त्याच्यावांचून जंतूचें सहसा अडत नाहीं. मग जंतूच्या पिढ्यांमागून पिढ्या जात असतां हा पाहुणा वाटेंत गळून कसा पडत नाहीं? ओगुरा आणि हिरागा यांना त्या कड्यावर दोन जनुकें शेजारीं शेजारीं आढळलीं. त्यांचा पहिला तर्क असा होता कीं, प्लास्मिडची नक्कल तयार होईपर्यंत हीं जनुकें जंतूचें विभाजन रोखून धरतात. तर्क सुंदर होता, परंतु बरोबर नव्हता. आणि तो बरोबर नाहीं हें १९८५ सालीं जाफे यांच्या जोडीनें त्याच दोघांनीं दाखवून दिलें. पाहुण्याविना जन्मलेलें लेंकरूं थांबत नव्हतें. थोडें वाढून मरत होतें. पुढच्याच वर्षीं डेन्मार्कमध्यें केन गेर्डेस यांना दुसऱ्या एका प्लास्मिडवर असाच, पण थोड्या निराळ्या घडणीचा प्रकार सांपडला.

तें लेंकरूं मरतें कां, हें समजावयास मला आमचा गाविलगड उपयोगी पडला. अचलपुराच्या उत्तरेस पाहिलें कीं सातपुड्याची निळी भिंत दिसते. तींत तो किल्ला आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीच्या फौजेनें तो हल्ला करून घेतला, आणि किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला. मुलांना हा धडा शिकवितांना मी नेहमीं विचारीत असें कीं, वेढ्यांत आधीं काय संपतें, दारू कीं दाणा? दारूगोळा कोठारांत महिनोन् महिने पडून राहतो. पहारेकऱ्याला मात्र रोज शिधा हवा. रसद तुटली कीं पहारेकरी आधीं जातो, आणि दारू तेथेंच राहते.

जंतूच्या पोटांतहि असेंच आहे. विषाचें प्रथिन टिकाऊ असतें. उताऱ्याचें प्रथिन नाजूक. जंतूच्याच अंगांत प्रथिनें कुरतडणारीं द्रव्यें असतात, त्यांतलें लॉन नांवाचें एक त्याला सारखें खात असतें. म्हणून उतारा सतत नवा बनवावा लागतो. जोंवर प्लास्मिड घरांत आहे तोंवर उताऱ्याचा कारखाना चालू आहे आणि विष मिठींत बद्ध आहे. ज्या लेंकराच्या वाट्यास प्लास्मिड आलें नाहीं, त्याच्या अंगांत आईपासून आलेलें विष आणि उतारा दोन्ही असतात, पण नवा उतारा बनविण्याचें साधन नसतें. पहारेकरी झिजून जातो, दारू मोकळी होते.

क्योटोच्या त्या जोडींतील विषाला सी.सी.डी.-बी आणि उताऱ्याला सी.सी.डी.-ए म्हणतात. विष १०१ घटकांचें, उतारा ७२ घटकांचा. जंतूचा डी.एन.ए. हा अति पीळ बसलेल्या सुंभासारखा असतो. गायरेज नांवाचें प्रथिन त्याला क्षणभर तोडतें, पीळ सारखा करतें आणि पुन्हा सांधतें. विष या गायरेजला नेमकें तोडल्या क्षणीं पकडतें आणि सांधूं देत नाहीं. दोर तुटलेलाच राहतो. उताऱ्याची घडण तर याहून नवलाची. त्याचें एक टोंक घट्ट घडीचें असून तें डी.एन.ए.वर बसतें, दुसरें टोंक म्हणजे एक लोंबती शेंपटी, जिला स्वतःचा असा आकारच नाहीं. विष भेटलें कीं ती शेंपटी त्याच्याभोंवतीं गुंडाळली जाते आणि तेव्हां कोठें तिला आकार येतो. ब्रुसेल्सच्या अभ्यासकांनीं २००९ सालीं दाखविलें कीं, विषानें गायरेजला धरल्यानंतरहि ही शेंपटी मध्यें शिरून त्याला सोडवूं शकते. आकार नसणें हेंच तिचें बळ. ज्याला आकार नाहीं तें एरवीं लौकर कुरतडलें जातें, म्हणजे तिचें मरणहि त्यांतच. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत राघवन वरदराजन यांच्या मंडळींनीं याच विषप्रथिनाचे घटक एकेक बदलून त्याची घडण पारखली आहे.

आतां या जोडीचा हिशेब कोण ठेवतो? विष जास्त झालें तर जंतूचा घात. उतारा उगीच जास्त बनला तर शक्तीचा अपव्यय. येथें निसर्गानें जी युक्ति योजली आहे ती पाहून माझा भाऊ, जो जमाखर्चांत पै चुकूं देत नसे, खूष झाला असता. पहिली गोष्ट, दोन्ही जनुकें एकाच ओळींत असून बहुधा उताऱ्याचें आधीं येतें, म्हणजे बनतांनाहि उतारा पुढें, विष मागें. दुसरी गोष्ट, उतारा आणि विष मिळून जी मिठी होते, तीच जाऊन आपल्या जनुकांच्या दारांत बसते आणि पुढचें उत्पादन बंद करते. वखार भरली, दार लावा, असा हा प्रकार. परंतु खरी गंमत तिसऱ्या गोष्टींत आहे. उतारा भरपूर आणि विष बेताचें असतें, तेव्हां दोघांची सांखळी बनते, एका दुव्याला दुसरा दुवा धरतो, आणि दाराला घट्ट कुलूप लागतें. विष प्रमाणाबाहेर वाढलें कीं प्रत्येक उताऱ्याला दोहों बाजूंनीं विषच मिठी मारतें. दुव्यांना एकमेकांस धरावयास हात उरत नाहीं. सांखळी तुटते, कुलूप निखळतें, आणि कारखाना पुन्हा सुरू होऊन नवा उतारा बाहेर पडतो. म्हणजे कुलूपालाच तराजू जडविलेला आहे. गेर्डेस यांची शिष्यमंडळी आणि ब्रुसेल्सचे अभ्यासक यांनीं २००८ ते २०१० या काळांत हें रहस्य उलगडलें.

प्रथम वाटलें होतें कीं, हा सारा प्लास्मिडचा स्वार्थ आहे. परंतु पुढें जंतूंचे संपूर्ण जनुकसंच वाचले जाऊं लागले, तेव्हां अशा जोड्या मुख्य जनुकसंचांतहि जागोजाग आढळल्या. येथें तर पाहुणा कोणीच नव्हता. मग हीं विषें कशासाठीं? त्यांतलीं कांहीं जंतूचे निरोपे तोडतात. म्हणजे जनुकाकडून प्रथिनाच्या कारखान्याकडे जो आर.एन.ए.चा निरोप जातो तो वाटेंतच कापतात. निरोप पोंचला नाहीं म्हणजे काम थंडावतें. जंतु मरेलच असें नाहीं. तो स्तब्ध होतो. स्तब्ध झालेला जंतु, हें ऐकून आपणांस डब्लिनचे बिगर आठवले असतील.

दुवा जोडला गेला होता तो योगायोगानें त्याच १९८३ सालीं. कॅलिफोर्नियांतील हॅरिस मॉयेड यांनीं कोलाय जंतूंतून असे वाण वेचून काढले कीं ज्यांत निजलेल्यांची संख्या नेहमींपेक्षां शेंकडोंपट होती. दोष हिप-ए नांवाच्या एका जनुकांत होता. आणि हिप-ए हें विष असून त्याशेजारचें हिप-बी हा त्याचा उतारा, असें नंतर ठरलें. मॉयेड यांचा तोच दोष मूत्रमार्गाचा विकार झालेल्या रोग्यांपासून मिळालेल्या जंतूंतहि असल्याचें २०१५ सालीं कळलें. मधल्या काळांत, २००४ सालीं, नाताली बालबान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं एकेका जंतूवर नजर ठेवून एक महत्त्वाची गोष्ट पाहिली: त्या वाणांतले जे जंतु औषधांतून वांचले, ते औषध येण्यापूर्वींपासूनच मंद झालेले होते. संकट पाहून ते निजले नव्हते. कांहीं जण आधींच निजलेले होते.

आतां या इतिहासांतलें मला सर्वांत आवडलेलें प्रकरण. २०११ सालीं गेर्डेस यांच्या प्रयोगशाळेनें कोलाय जंतूंतील अशा दहा जोड्या एकामागून एक काढून टाकल्या आणि जाहीर केलें कीं, दहाहि गेल्यावर निजणारे जंतु शंभरांश उरतात. जगानें टाळ्या वाजविल्या. जोड्या म्हणजेच झोंप, असें पाठ्यपुस्तकांत जाण्याच्या बेतांत होतें. पण इतरांस तोच प्रयोग करतां तो निकाल येईना. अखेर शोध लागला तो असा: दहा जोड्या काढण्याच्या खटाटोपांत त्या जंतूंच्या अंगांत फाय-८० नांवाचा एक जंतुभक्षक विषाणु नकळत शिरून बसला होता. औषधाचा मारा झाला कीं हा लपलेला विषाणु जागा होऊन जंतूला फोडी. निजलेले कमी दिसत ते त्यामुळें. हा दोष २०१७ सालीं प्रसिद्ध करणाऱ्यांत स्वतः गेर्डेस होते, आणि पुढच्या वर्षीं मूळ निबंध परत घेण्यांत आले. ब्रुसेल्सच्या लॉरेन्स व्हान मेल्डेरेन यांच्या मंडळींनींहि निर्मळ जंतु घेऊन दाखविलें कीं, दहा जोड्या नसल्या तरी कोलाय जंतु पूर्वींइतकाच निजतो. साऱ्या जगापुढें 'मीं चुकलों' असें म्हणावयास काय लागतें, तें मला ठाऊक आहे. मीं तें घरांतल्या चार माणसांपुढेंहि कित्येक वर्षें म्हटलें नव्हतें.

मग या जोड्यांचें खरें काम कोणतें? आज अभ्यासकांचा ओढा जंतुभक्षक विषाणूंकडे अधिक आहे. असा विषाणु जंतूंत शिरला कीं तो जंतूचीं नित्याचीं कामें बंद पाडतो, उतारा बनणें थांबतें, विष सुटतें, आणि शत्रूची संतति तयार होण्यापूर्वींच जंतु थंड पडतो अथवा मरतो. शेजारचे भाऊबंद वांचतात. गड हातचा जाणार असें दिसतांच कोठाराला बत्ती द्यावी, तसें हें. अशा संरक्षणाचीं उदाहरणें आतां बरींच सिद्ध झालीं आहेत.

परंतु कोलाय जंतूचा न्याय क्षयजंतूला लावतां येतो काय? येथें मी सावधपणें बोलतों. कोलायमध्यें काढलेल्या जोड्या होत्या दहा. क्षयजंतूंत सान फ्रान्सिस्कोच्या अभ्यासकांनीं २००९ सालीं ८८ जोड्या मोजल्या, आणि त्यांतील ३० खरोखरच विष-उताऱ्याचें काम करतात असें प्रयोगानें दाखविलें. त्याच कुळांतल्या, रोग न करणाऱ्या एका जंतूंत अशा जोड्या अगदींच मोजक्या आहेत. एवढ्यावरून कोणी म्हणेल कीं, क्षयाच्या दीर्घ निद्रेचें कारण सांपडलें. मीहि तसेंच म्हटलें होतें. तेव्हां माझ्या विद्यार्थ्यानें मला कुष्ठरोगाच्या जंतूची आठवण करून दिली. अमरावतीस दाजीसाहेब पटवर्धनांनीं तपोवन उभारलें तें ज्या रोग्यांसाठीं, त्यांच्या रोगाचा हा जंतु; क्षयजंतूचा चुलतभाऊच. एकाचे दोन व्हावयास त्याला सुमारें दोन आठवडे लागतात, आणि शरीरांत तो वर्षानुवर्षें दबा धरून राहूं शकतो. त्याच्या अंगांत मात्र अशी एकहि चालती जोडी उरलेली नाहीं. म्हणजे या जोड्यांवांचूनहि मंद राहतां येतें. मास्तराचा सिद्धांत शिष्यानें एका वाक्यांत पाडला.

तरी क्षयाच्या बाबतींत जोड्या अगदींच निर्दोष ठरलेल्या नाहींत. फरीदाबाद येथें रामनदीप सिंग यांच्या मंडळींनीं २०१५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. क्षयजंतूंत माझ-एफ जातीचीं, निरोपे तोडणारीं नऊ विषें आहेत. त्यांतलें एकेक काढून टाकल्यानें फारसें बिघडलें नाहीं. परंतु तीन विषें एकदम काढलीं तेव्हां तो जंतु औषधांपुढें पूर्वींइतका टिकेना, आणि गिनीपिगांच्या फुप्फुसांत त्याचा जोरहि कमी पडला. नऊपैकीं एक गेलें तर दुसरीं त्याची जागा घेतात, असा याचा अर्थ दिसतो. एका पहारेकऱ्याला लांच देऊन किल्ला घेतां येत नाहीं. निदान तिघांना तरी फोडावें लागतें.

या ज्ञानावरून औषध करण्याचा प्रयत्न चालू आहे. विष व उतारा यांच्या मिठींत नेमकी पाचर मारील असें एखादें द्रव्य सांपडलें, तर जंतु स्वतःच्याच विषानें मरेल, अशी ती कल्पना. तींत धोकाहि उघड आहे: विष थोडेंच सुटलें, तर जंतु मरण्याऐवजीं निजेल, आणि आपण ज्याला उठवून मारावयाचें त्यालाच अंगाई म्हटल्यासारखें होईल. किती विषानें झोंप येते आणि किती विषानें मरण, याचें माप क्षयजंतूच्या बाबतींत अजून हातीं आलेलें नाहीं. तोंवर सहा महिन्यांच्या जुन्या गोळ्या आहेत. मागच्या मार्च महिन्यांत आमच्या आळींतल्या एका विणकराच्या मुलानें मला तोच प्रश्न विचारला. त्याचा दुसरा महिना संपला होता आणि तो बरा दिसत होता. मीं त्याला बसवून घेतलें, बिगर यांच्या नळीपासून उंदरांपर्यंत सारें सांगितलें, तासभर लागला. त्याच्या उरलेल्या चार महिन्यांच्या गोळ्या तो माझ्या ओसरीवर येऊन घेत असे.